डाव्या हाताचे लाड

१ फेब्रुवारी, सोमवार
नवीन गावात येऊन दीड महिना झाला; आज नवीन दुकान आणि एकदाचं स्वतंत्र बिऱ्हाड. दोनच खोल्या, पण ऊन भरपूर; ही सकाळपासून गुणगुणत पडदे लावतेय. मालकांनी कोट कापायचं टेबल माझ्या हवाली केलं. हाताखाली चार शिंपी, दुपारपर्यंत सगळे ‘मास्तर’ म्हणायला लागले. स्वारी खूश.
माझ्या एचआयव्हीचं इथे कुणाला ठाऊक नाही. नव्या दवाखान्यात फाइल दाखवायची लाज, म्हणून दीड महिना गोळ्या बुडवल्या. हिने कान उपटले आणि स्वतः जाऊन माझं नाव घातलं. आजपासून गोळ्या पुन्हा सुरू. हिला लागण नाही; अकरा वर्षांपूर्वी सगळं माहीत असून माझ्याशी लग्न केलं. नशीब काढलं मी.

१० फेब्रुवारी, बुधवार
उजव्या हातात कात्री, डावा पंजा कापडावर दाबलेला, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. आज डाव्याने भर कापणीत कापड ओढलं. एक कोट वाया गेला. मालकांनी तुकडे गोळा करून बाजूला ठेवले, तेच जास्त लागलं.
घरी उजवा शर्टाची बटणं लावत होता, डावा खालून सोडत होता. ही पोट धरून हसली. मग डावा मांडीवर घेऊन अर्धा तास तेल चोळलं. उजव्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला राग आला. वेडेपणाच की.

१५ फेब्रुवारी, सोमवार
नव्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्यावर शरीराची फौज जागी झाली, पण ती मेंदूतल्या पांढऱ्या तारांवरच तुटून पडली. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा पूल सुजलाय. म्हणून डावा आपल्या मनाचं करतो. शनिवारी भरती व्हा, सूज उतरवायचं औषध शिरेतून देऊ, म्हणाल्या. उशीर केला तर जिवावर बेतेल. मनात नाही नाही ते येईल, तेही आजाराचंच.
हे ऐकताना हिने हात घट्ट धरला होता. डावा.

१८ फेब्रुवारी, गुरुवार
ही भाजी निवडत होती. डावा उठला, तिच्या कपाळावरची बट हळूच मागे सारली. मी नव्हे. मला हे कधी सुचलंच नाही. तिने डोळे मिटले.
“इतक्या वर्षांत असा हात कधी फिरवला नाहीत तुम्ही,” म्हणाली.
माझा तिळपापड झाला. त्याचा नाही झाला. तो तिथेच राहिला, तिच्या गालावर.

२० फेब्रुवारी, शनिवार
दवाखान्यातून दोनदा फोन. गेलो नाही. ही रडली. बरं करणार म्हणजे कुणाला? त्याला?
गोळी थुंकली. त्याने ती उचलून माझ्या ओठांशी धरली. जगायचंय त्याला. तिच्यासाठी.

२१ फेब्रुवारी, रविवार
मी लिहितो तेव्हा तो वहीचं पान दाबून धरतो. ऐकून घेतो सगळं. ती त्याचीच नखं कापते— त्याच्याशीच बोलते—

२२ फेब्रुवारी, सोमवार, दुपार
ही डॉक्टरीणबाईंना आणायला गेलीय. मी दुकानातली कात्री आणली. त्याला टेबलावर ठेवलं. पळाला नाही. एवढं लिहून झालं की—
कात्री इथेच होती.
त्याच्याकडे आहे. धरलीय अगदी मास्तरासारखी. माझ्या उजव्या मनगटाशी आणून— लिहिणं थांबवलं तर—
दार. ही आली. डॉक्टरीणबाई दारातच; ही एकटीच पुढे धावली.
कात्री नाही धरली तिने. आपला पंजा माझ्या उजव्या मनगटावर झाकला. उजव्या. किती उबदार आहे—
तो थांबलाय. बघतोय. मला जे होत होतं ते आता त्याला होतंय, आणि तिचा हात मध्ये— सांगा तिला, काढ म्हणावं— माझं तोंड उघडत नाही— पाती उघड