चिखलाचा अंगठा

आंबेटोला, पोंभुर्ण्याजवळ, जिल्हा चांदा
११ फेब्रुवारी १९५८

प्रिय गुणे,

तुझं पत्र परवा मिळालं. दादाजी पाटलांनी केलेली तार तुझ्या गाण्याच्या कंपनीच्या पत्त्यावर पंधरा दिवस पडून राहिली आणि तू दौऱ्यावरून परतलीस तेव्हा इथे शकुमायची तेरवीही होऊन गेली होती. येता आलं नाही म्हणून तू पानभर माफी मागितलीस. माझ्याकडे तरी नको मागू. शेवटी तू तुझ्या मायबद्दल विचारलं आहेस. 'रेडिओवर मी तिला मेली म्हटलं, म्हणून माय शेवटपर्यंत रागावलेली होती का? अंगठा देऊन तिने हो म्हटलं होतं, मग त्यानंतरच्या एकाही पत्रावर तिचा अंगठा का आला नाही?' उत्तर एका ओळीचं आहे गुणे, पण त्या ओळीपाशी हात थांबतो. म्हणून जरा लांबून येते. धीराने वाच.

लटारूमामा तुला बैलगाडीतून घेऊन निघाला तो दिवस मला अजून दिसतो. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत कंपनीच्या साहेबाने तुझं गाणं ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी तो तुमच्या ओसरीवर येऊन बसला. शकुमायने त्याला विचारलं, "पोरीले जेवाले टायमावर द्याल ना जी?" बाकी काही विचारलं नाही. गावाच्या शिवेच्या धुऱ्यापर्यंत ती गाडीमागे चालत आली आणि तिथून हात न हलवता परत फिरली. घरी येऊन उकडायला ठेवलेलं धान तिने तसंच चुलीवर जळू दिलं. शकुमायच्या हातून धान जळल्याचं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

मग तुझ्या फोटोचा, जाहिरातीचा कागद आला, 'कुमारी वनबाला' असं नाव छापलेला. डोक्यात मोरपीस, गळ्यात ढीगभर मणी. सारं गाव हसलं, खोटं कशाला सांगू! मोहफुलं वेचायला तू कधी एकटी गेलीस का ग? पानाचा आवाज झाला तरी माझा पदर धरून उभी राहायचीस, आणि कागदावर लिहिलं होतं की ही पोर वाघांच्या शेजारी वाढली, पाखरांकडून गाणं शिकली. कंपनीने आधी तुझं 'मले-तुले' घासून काढलं आणि मग जंगली वाटावं म्हणून कुणीच बोलत नाही अशी तुटकी बोली शिकवली, हे तूच लिहिलं होतंस. त्या पत्रात तू हसत होतीस, पण तुझं अक्षर हसत नव्हतं. पाखरांचं म्हणशील तर ती सगळी गाणी धान रोवण्याची. धानाच्या बांधीत गुडघाभर चिखलात वाकून शकुमाय म्हणायची आणि मागे आपण पोरी ओढायचो.

त्या वर्षी पाऊसपाणी सरलं तेव्हा पंचायतीच्या रेडिओवर तुझा कार्यक्रम लागला. संध्याकाळी सगळा आंबेटोला चावडीपुढे जमला. शकुमायला पाटलांनी पुढे बसवलं. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. तुझा आवाज आला तशी ती रेडिओकडे बघून एकदम हसली, जणू तूच आत बसली होतीस. रेडिओवरच्या बाईंनी तुला विचारलं, घरी कोण कोण आहे. तू म्हणालीस, कुणी नाही, माझी आई मला जन्म देतानाच गेली, मला जंगलाने वाढवलं. गुणे, शंभर माणसं होती आणि सगळी तिच्याकडे बघत होती. तिने पदर नीट केला, बस्स.

मग गाणं लागलं. 'बांधीच्या धुऱ्यावर कोन आली व?' पुढची ओळ मागच्या बाईची असते, आणि तुम्हा दोघींत ती नेहमी शकुमायची. ती जागा बासरीने भरायची म्हणून साहेब तुझ्या मागे लागले होते आणि तू ऐकलं नव्हतंस, ती रिकामीच ठेवलीस, हे नंतर तुझ्या पत्रातून कळलं. नुसता ठेका वाजला. आणि चावडीपुढे बसल्या बसल्या शकुमाय खणखणीत आवाजात म्हणाली, 'मीच आली व बाई, मीच आली.' दोन-चार पोरं हसली. पाटलांनी त्यांना दटावलं, पण त्यांचेही डोळे भरले होते. गाण्यात ती जागा चारदा आली. चारही वेळा तिने ओळ घातली, एकदाही ठेका चुकली नाही. घरी जाताना माझा हात धरून म्हणाली, "कमळे, पोरगी मले मेली म्हनते, अन् माही जागा सोडून ठेवते. कायची पोर आहे व ही!"

तू विचारशील, मग रागावली नाही ना? थांब.

पुढे एक पेपरवाला कॅमेरा घेऊन आला. वनबालेचं जंगल शोधत आला होता बिचारा, शेतं बघून गोंधळला. त्याने नेमकं शकुमायलाच विचारलं. ती म्हणाली, "तिची माय? ते तं बाळंतपनातच मेली जी. मी शेजारीन हाओ." त्याला भाकर आणि वरण वाढलं, पाणी दिलं आणि परतीची वाट दाखवली. तो येणार हे कळल्यावर तुझी पाटी, तुझं झंपर, सारं तिने धानाच्या ढोलीमागे लपवलं होतं. तुझं खोटं तिने तुझ्यापेक्षाही नीट सांभाळलं.

पण गेल्या श्रावणात रोवण्याला आम्ही बांधीत उतरलो आणि पहिली ओळ उचलायची म्हणून सगळ्या बाया तिच्याकडे बघू लागल्या, तर ती पऱ्ह्याच्या रोपांची पेंढी सोडत म्हणाली, "मेलेली बाई गात नाई व. तुमी म्हना." थट्टा वाटली आम्हाला. थट्टा नव्हती. तो अख्खा रोवणा ती मुक्याने रोवत गेली. चाळीस वर्षं त्या बांध्यांनी तिचा आवाज ऐकला होता. अंगठ्याचं तर रेडिओपासूनच, तुझ्या प्रत्येक पत्राला उत्तर लिहून मी अंगठा मागितला तर तेच, "मेलेल्या बाईचा अंगठा कायचा?" फक्त पाटलांकडच्या ग्रामोफोनवर तुझी तबकडी लागली की ती असेल तिथून आपली ओळ म्हणायची. शेण सारवताना, विहिरीवर, एकदा तर पाटलांच्याच लेकीच्या लग्नात, भर पंगतीत. बाकी वेळ तिचं गाणं बंद.

एकदाच ती बोलली. पोळ्याच्या आधी, धान निंदताना. मान वर न करता म्हणाली, "पोरीनं मले इचारलं असतं तं मी हो म्हटलं असतं व कमळे. म्हन मेली, तुह्यं चांगलं होते तं म्हन. इचारलं नाई, एवढंच." मी तिच्या बाजूच्या ओळीत होते. माझ्या हातातलं गवत सुटलं. ते गोळा करून मी पुढे निंदत राहिले.

आता आले मी त्या ओळीपाशी. गुणे, तू विचारलं होतंस. रेडिओच्या आधीच्या आषाढात तुझं जाड पाकीट आलं, तेव्हा मी ते तिला वाचून दाखवायला बांधीवर घेऊन गेले होते. वाटेत मी ते आधी मनात वाचलं. तू लिहिलं होतंस की कंपनी मला पोरकी म्हणायला लावते, मायला विचार, ती नाही म्हणाली तर उद्याच्या गाडीने परत येते. मी धुऱ्यावर उभी राहिले आणि ते पान वगळून बाकीचं वाचलं. ती नाही म्हणेल अशी भीती वाटली. तू परत येशील, तुझंही लग्न होईल आणि माझ्यासारखी तूही याच चिखलात वाकशील. मास्तर मला पुढे शिकवा म्हणत असताना चौथीत माझी शाळा सुटली. एक तरी बाई इथून सुटून जावी असं मला फार वाटायचं, आणि ती तू होतीस. 'माय हो म्हणते' असं मी तिथेच पेन्सिलीने लिहिलं आणि अंगठ्यासाठी कागद तिच्यापुढे धरला. शाई नव्हती. तिने चिखलाचाच अंगठा उठवला आणि हसून म्हणाली, "खुशाली लिवली ना?" मी हो म्हटलं. तुझ्याजवळ तो कागद असेल. त्यावरचा अंगठा खरा आहे, वरचं अक्षर माझं खोटं. ती तुझ्यावर रागावली नव्हती गुणे. तू विचारलं नाहीस असं समजून झुरली. तिच्या तापाच्या सात दिवसांत मी रोज सांगायचं ठरवलं आणि रोज नुसती पेज भरवून परत आले. शेवटच्या दिवशी ती ग्लानीत 'मीच आली व' म्हणत होती, आणि तेव्हा घरात कुठलीही तबकडी वाजत नव्हती. तुझं ते वगळलेलं पान दीड वर्ष माझ्या पेटीत होतं. ते या पत्रासोबत पाठवते आहे. ते तिचं होतं. तिला देता आलं नाही, म्हणून तुला परत करते.

'तुझीच' लिहायची हिंमत होत नाही,
कमळा