निळ्या शेपटीचा पोपट

जयपूर, २७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. रत्नप्रभेस दादाचे अनेक आशीर्वाद.

फराळ पोचला. तुझ्या वहिनीने चकल्या लपवल्यात, पण डब्याचं झाकण मला दोन खोल्यांपलीकडून ऐकू येतं.

इथे युद्धात घर सुटलेल्या माणसांच्या फोटोंचं प्रदर्शन लागतंय. फ्रेमांचं काम माझ्याकडे. काल एक फोटो टेबलावर घेतला आणि हात थांबला. युक्रेनमधलं पडकं घर, दाराची चौकट तेवढी उभी. फोटोच्या वरच्या कडेला, त्या चौकटीवर, तुझं लोकरीचं पोपटांचं तोरण! हिरवी लोकर संपली म्हणून शेवटच्या पोपटाला तू निळी शेपटी लावलीस, मी केवढा हसलो होतो. तिकडे डॉक्टरी शिकायला निघालेल्या मिहीरबरोबर घरमालकिणीला दिलं होतंस, तेच. नीनाआजींचं घर गेलं, रत्ने.

आजी सुखरूप आहेत. रोज सकाळी तुझ्या लेकाच्या, मिहीरच्या, खोलीतून फोनवरचा त्यांचा आवाज येतो. भाषा कळत नाही, हसणं कळतं. पण घराचं त्यांनी पोरापासून लपवलेलं दिसतं. त्याची डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा तोंडावर. त्याला दिसू नये म्हणून फोटोभोवतीचा सांगानेरी हातकागदाचा पुठ्ठा, माउंट, मी बोटभर जास्त रुंद कापला. तोरण झाकलं गेलं. बरं केलं ना?

तुझा दादा, गजानन

कराड, ३ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

बरं नाही केलंस. त्या बाईच्या घराची एवढीच खूण उरली, तीही पुठ्ठ्याखाली घातलीस? तुझी हुशारी दुकानात चालव. मिहीरला जवळ बसवून सांग, आणि आजींचा नवा पत्ता विचार. तीन हिवाळे तुमच्या पत्त्यावर आलेले माझे मोजे त्याने पुढे कुठे पाठवले मग? दर वर्षी तर म्हणतो, आजींना अगदी बेताचे बसले. यंदाचा एक पाय झालाय, दुसरा सुयांवर आहे. तिकडे थंडी लवकर पडते, उशीर करू नकोस.

रागावलेली, तरी तुझीच,
रत्नप्रभा

जयपूर, १२ नोव्हेंबर

चि. सौ. रत्नप्रभेस आशीर्वाद.

बसून वाच. फोटोंखाली लावायच्या मजकुराच्या पट्ट्या काल आल्या. या घराच्या मालकीणबाईंनी घर सोडलं नाही. मार्च २०२२ मध्ये त्या त्याच घरात गेल्या, असं लिहिलंय. मिहीर मागेच उभा होता. मी पट्टी मुठीत दाबली. तो म्हणाला, मामा, राहू द्या, मला माहीत आहे. तो सीमा ओलांडून आल्यावर आठव्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला होता.

सकाळचा आवाज म्हणजे आजींचे जुने निरोप, मोबाइलमध्ये राहिलेले. जेवलास का, टोपी घातलीस का, एवढंच विचारतात, त्यानेच सांगितलं. आणि मला माझ्या कानांचा केवढा तोरा! साडेतीन वर्षं भिंतीतून आजी ऐकल्या, मिहीर एकदाही बोललेला ऐकला नाही, आणि मला काही खटकलं नाही.

मोजे त्याच्या बॅगेत आहेत, तिन्ही जोड. सांगितलं असतं तर आईने विणणं थांबवलं असतं, म्हणजे आजी खरंच गेल्या असं झालं असतं, एवढं म्हणाला आणि माझ्या टेबलावर डोकं टेकून रडला. मी नुसता भुसा झाडत राहिलो.

मग आम्ही फ्रेम खोलली. नवा माउंट त्यानेच कापला. आता तोरण पुरतं दिसतं, निळ्या शेपटीसकट.

तुला एक लिहायला सांगितलंय त्याने. मोज्याचा दुसरा पाय अर्धा सोडू नकोस. पुरा कर, आणि दर वर्षीसारखा इथल्याच पत्त्यावर पाठव.

आम्हा दोघांवरची माया आटू देऊ नकोस.

दादा