तारा मुरेपर्यंत

आई, परवा बेस गिटारला नव्या तारा चढवल्या. वरून चपटी पट्टी गुंडाळलेल्या, बोट फिरवलं तर काचेसारख्या गुळगुळीत. तुला आठवत असतील. या तारा नव्या असताना खणखणतात. महिनोन्‌महिने वाजवून बोटांचा घाम आणि मळ त्यांच्यात जिरला, की मग तो जाड, मऊ, पोटातून आल्यासारखा आवाज येतो. पहिल्यांदा अशा तारा चढवल्या तेव्हा मी महाडच्या ऑर्केस्ट्रात नुकताच लागलो होतो, कापडे गावातल्या लग्नाचा कार्यक्रम तोंडावर होता, आणि गायकानं बजावलं होतं, असंच वाजणार असेल तर घरी बस.

तो दिवस अजून दिसतो: पोलादपूरच्या घरात मी चुलीपाशी पाटावर बसलोय, तू घावनं घालते आहेस. कंटाळा येऊ नये म्हणून मी शाळेतल्या कविता चालीवर म्हणतो आणि खाली तारा छेडतो. तुला अक्षर येत नव्हतं, पण माझी ओळ चुकली की उलथनं आपटायचीस. "आता शब्द बराबर हाय. पन वाजतंय कच्चं. पितळी पडल्यावानी." मी पाणी प्यायला उठलो तेवढ्यात, तव्यावर फिरवायचा तेलातला अर्धा कांदा तू चारही तारांवरून फिरवलास. "आई, काय केलंस हे!" "आरडू नको रे. नवा तवाबी पयला चिकटतो. वाजव आता." तारा खरंच दबल्या होत्या. संध्याकाळी गायकानं गिटार हुंगली. "काय रे, भज्यांची ऑर्डरपण घेतलीस काय?" पण घरी बसवलं नाही.

आता त्या ऑर्केस्ट्रातले गायक आणि मी, दोघेच उरलोय. रविवारी महाडला आमचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आहे, बहुधा शेवटचाच. जुनी तार तुटली म्हणून या नव्या. गंमत अशी, की मला त्या पहिल्या दिवसापासूनच मुरलेल्या वाटल्या. ऐटीत तालमीला गेलो. गायकानं तोंड वाकडं केलं. "म्हाताऱ्या, घुंगरं बांधलीस काय तारांना? असंच वाजलं तर बेस कीबोर्डवाल्याकडे देतो." मी हसलो. घरी येऊन गिटारच्या लाकडाला कान लावला, तरी मऊच. वरचे पातळ आवाज माझ्या कानांतून कधी निघून गेले, कोण जाणे. पाखरंही हल्ली गप्प वाटतात; मी समजत होतो, तीच कमी झाली. कांदा फिरवून पाहिला. फरक पडलाही असेल. 'कच्चं हाय' म्हणणारं घरात आता कुणी नाही.

तरी रोज दुपारी वाजवतो. त्याच कविता, ओळी सगळ्या येतात. आज गायकाचा फोन आला. "मुरल्या काय रे?" "मुरल्या," मी म्हटलं. "मग ये तूच," तो म्हणाला, आणि इतका खूश झाला की कानांचं बोलायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, मी बोललो नाही. हे पत्रही कुठे टाकायचं नाहीये, म्हणून तुला सांगतो.