चौकातली उपाशी झाडं

१२ ऑगस्ट
वेस्ली थिबो चौकातली मेपलची सातही झाडं तोडणार म्हणतो. गावसभेचा अध्यक्ष झाला म्हणजे झाडांचा डॉक्टरही झाला! "हेस्टर, दुष्काळाला मी काय करू? वाळकी फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर?" म्हटलं, तुझ्या डोक्यात पडली तर फांदीचंच नुकसान. सहा सप्टेंबरला सभेत त्यावर मतदान.

१३ ऑगस्ट
रस्त्यापलीकडे डेल्फिनचं मेपलचं रान. झाडांचा रस आटवून पाक विकते ती. सगळं व्हरमाँट राज्य तहानलेलं, तिच्याकडेही सहा आठवडे थेंब नाही. तरी तिची झाडं हिरवी, आमची तपकिरी. दुष्काळ रस्ता ओलांडत नाही की काय?

१५ ऑगस्ट
डेल्फिनने दोन्हीकडची माती तपासायला पाठवली. वेस्ली म्हणे, "माती ती माती." हा माणूस आम्ही निवडून दिलाय.

३० ऑगस्ट
अहवाल आला. चौकातल्या मातीत चुना जवळजवळ नाही, पोटॅश नावाला.

"अगं, पानांवरची बारीक तोंडं मिटायला पोटॅश लागतं," डेल्फिन म्हणाली. "नसलं की झाड तहानेतही पाणी सोडत बसतं. चुन्यावाचून मुळंही खुरटतात. माझ्याकडे पानं पडतात तिथंच कुजतात, झाडाचं झाडाला परत मिळतं. तुम्ही दर ऑक्टोबरला काय करता?"

काय करतो! पानसफाईचा रविवार. दंताळी, डोनट, सफरचंदाचा गरम रस, पाद्रीबाईंचा आशीर्वाद – आणि झाडांची वर्षाची शिदोरी ट्रकमध्ये घालून उकिरड्यावर. वर सगळ्यांचा हसरा फोटो. सव्वीस वर्षं उपाशी ठेवायचं आणि दोष पावसाला.

१ सप्टेंबर
वेस्लीला अहवाल दाखवला. म्हटलं, चुना टाकू, पोटॅशसाठी चुलीची राख टाकू, पानं राहू देऊ, दोन वर्षं थांबू.
"पानं चौकात सडू द्यायची? बाहेरची माणसं काय म्हणतील?"
"म्हणू देत."
"मग सभेत बोल बाई. मला नको सांगूस."
बोलणारच. आणि ही सफाई ज्या दीडशहाण्याने सुरू केली, त्याचं नाव घेऊन बोलणार. साप्ताहिकातल्या माझ्या सदरातही छापणार. सोडते की काय!

३ सप्टेंबर
वाचनालयात साप्ताहिकाचे जुने अंक चाळले. ऑक्टोबर १९९६: "चौकातल्या कुजक्या पानांची आपल्याला लाज कशी वाटत नाही?" पुढच्याच रविवारी अख्खं गाव दंताळी घेऊन हजर.

लेखाखाली नाव हेस्टर स्टॉडर्ड. वय तेव्हा चोवीस. इथं छापून आलेलं माझं पहिलं लिखाण, आणि मीच साफ विसरले होते.

मंगळवारी सभेत आधी तोच लेख वाचीन.