रक्ताच्या फ्रीजमधलं बीटाचं लोणचं

कोरिया, १४ जानेवारी १९५२

तीर्थरूप हल्डामावशीस,

लष्करी इस्पितळाच्या तंबूतून तुझ्या एकुलत्या एका भाचीचा नमस्कार. मी खुशाल आहे. थंडी इतकी की पायाची बोटं रोज सकाळी मोजते (आजअखेर दहा). तुझा गुडघा काय म्हणतो? ओटोकाकांना अलीकडे घरात बोलायची संधी मिळते का? नव्या पाद्रीबाबांना तू पहिल्याच रविवारी "प्रवचन फार लांबलं" असं तोंडावर सुनावलंस, हे आईनं कळवलं. बिचारे अजून गावात आहेत ना?

पार्सल पोचलं. मोजे छान. केकही छान, फक्त तो कापायला आमच्या सर्जनसाहेबांना हाडं कापायची करवत घ्यावी लागली. बीटाच्या लोणच्याची बरणी मात्र धक्का न लागता आली. (हो, तेच बीट, ज्यानं सत्तेचाळीसच्या जिल्हा मेळाव्यात पहिल्या नंबराची निळी फीत पटकावली आणि ज्याच्यापायी तू आणि एडना ब्रूकर अजून एकमेकींचं तोंड पाहत नाही.) आता इथली गंमत अशी की या दिवसांत बाहेर ठेवलेलं सगळं गोठून फुटतं. न गोठणारी एकच जागा, ती म्हणजे रक्ताच्या बाटल्यांचा फ्रीज. त्यामुळे अख्ख्या छावणीची अंडी, शाई आणि एका कॅप्टनसाहेबांचं केसांचं तेल तिथंच नांदतं. मीही बरणी तिथंच ठेवली.

नेमके त्याच आठवड्यात मुख्यालयातून कर्नल पिंकहॅम तपासणीला यायचे होते. फ्रीजमधल्या प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी हवी, असा त्यांचा हुकूम. आमचा सार्जंट डफी हुकमाचा ताबेदार. त्यानं अंडी आणि तेल लपवलं, पण लालभडक बरणी दिसताच शांतपणे चिठ्ठी चिकटवली: गट ओ, दाता हल्डा, आयोवा. कर्नलसाहेबांनी बरणी उजेडात धरली, हलवली आणि म्हणाले, "हे फार घट्ट दिसतंय." डफी खटकन सलाम ठोकून म्हणाला, "आयोवाच्या बायका आहेत साहेब, लवकर पातळ होत नाहीत!" मी तोंडात रुमाल कोंबला. साहेब तुझं कौतुक लिहून घेणार, तोच त्यांना आत एक लवंग तरंगताना दिसली. झाकण उघडलं. व्हिनेगरचा वास सुटला. मग साहेबांचाच रंग बीटासारखा झाला, आणि "हे ताबडतोब नष्ट करा!" असा हुकूम सुटला.

हुकूम तो हुकूम. नष्ट करायला मी बरणी वॉर्डात नेली. तिथं एडनाचा धाकटा, ऑर्व्हिल, पायाला लागून पडलाय. चार दिवस तो अन्नाला शिवला नव्हता, भिंतीकडे तोंड करून असायचा. मी एक फोड पुढे धरली. त्यानं चावली, थांबला आणि उठूनच बसला. "वर्ना, हे तर हल्डाबाईंचं! आमच्या घरी याचं नावसुद्धा काढायची सोय नाही." एवढं बोलून पठ्ठ्यानं अर्धी बरणी संपवली. वर म्हणतो कसा, "लवंग कमी पडलीय. पण हे आईला सांगू नकोस, आणि हल्डाबाईंना तर नकोच." मला हसू आलं आणि रडूही.

काकांना नमस्कार. पाद्रीबाबांना सांभाळून घे.

तुझी लाडकी,
वर्ना

ता. क. डफीला कृती हवी आहे. पुढच्या तपासणीसाठी म्हणतो.

ता. क. मावशी, वर मी नुसतं "पायाला लागून" लिहिलं. ऑर्व्हिलचा डावा पाय गुडघ्याखाली राहिलेला नाही. भूल मीच दिली होती. लष्कराच्या तारेत फक्त "जखमी" होतं, आणि यानं आईला घोटा मुरगळल्याचं कळवलंय. मार्चमध्ये तो गावी येईल तेव्हा एडना स्टेशनवर उभी असेल. मी त्याला रागावले, तर म्हणाला, "माझा हात धजत नाही गं. कुणीतरी तिला सरळ तोंडावर सांगणारं हवं." आणि त्यानं तुझं नाव घेतलं. तुझ्या जिभेची मी जन्मभर चेष्टा केली, आज तीच मागते आहे. जाशील ना?

ता. क. बीट नेऊ नकोस, भांडाल. निळी फीत ने. काही बोलायच्या आधी ती तिच्या टेबलावर ठेव. तू काहीतरी मोठं सांगायला आली आहेस, हे एडनाला तेवढ्यानं कळेल, आणि ती खाली बसेल.