मिनिकॉयला माहेर नाही

मंगळवार, संध्याकाळ. इंद्रलोक सोसायटी.

केतकीचा फोन आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर शिकवायला गेली आणि आता तिथल्याच मुलाशी लग्न करतेय. कॉन्व्हेंटमध्ये नकाशा काढताना ही बेटं विसरले की सिस्टर माझे मार्क कापायच्या. बेट ते केवढं? मध्ये उभं राहिलं की दोन्हीकडे समुद्र दिसतो म्हणे. विधानसभा नाही, आमदार नाही. दिल्लीने नेमलेला प्रशासक. तक्रार करायची तरी कुणाकडे?

"सासर कसं आहे?" मी विचारलं.

"आई, इथे मुली सासरी जात नाहीत. नवरा बायकोच्या आईच्या घरी येतो."

"म्हणजे माझ्या वन बीएचकेत?"

"तो कसा येईल? त्याची मासेमारीची बोट आहे इथे. तूच ये ना. इथे माझ्या आईचं घर नाही, म्हणून बायका हळहळतात."

जन्मभर भांडले, मुलींनीच का घर सोडायचं? आता तशी रीत सापडली, तर माझंच घर भलत्या किनाऱ्यावर. आणि दोन्हीकडे समुद्र. मला पोहता कुठे येतं?

बाहेरच्यांना तिथे परवाना लागतो. अर्ज उघडून तासभर बसलेय. ‘भेटीचं कारण’ विचारलंय. शेवटी लिहिलं: मुलीला माहेर हवं आहे.