पाच जीबी कचरा

२९ जुलै, मंगळवार

नाही. कुठेच नाही. तीनदा शोधलं. देवरावांनी बांधलेलं सगळं टेक लाइव्ह, पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, फोल्डरसकट गेलं.

सकाळी झिंगूबाबांच्या जबाबाची पानं जुळवायला बसले. जूनपासून नुसता मजकूर लिहीत होते; आज पानांची नेहमीची आज्ञा दिली. मशीन म्हणालं, अशी आज्ञा माहीत नाही. सोळा वर्षं माहीत होती!

मग आठवलं. जूनमध्ये माझा भाचा आला होता नागपूरहून, आदेश. "आत्या, किती स्लो झालंय तुझं मशीन, साफ करून देतो." मी आत त्याच्यासाठी वडे तळत होते. तो बाहेर साफ करत होता.

सुनावणी २५ ऑगस्टला. कोसमटोल्याच्या तलावावर ढिवरांचा, म्हणजे तिथल्या मासेमारांचा, हक्क की नाही, ते त्या दिवशी ठरायचं. नाही ठरला तर लिलाव होणार, बाहेरचा ठेकेदार येणार, आणि ढिवरांच्याच बायका त्याच तलावात रोजीनं जाळी ओढणार. ही माणसं आदिवासी नाहीत म्हणून वनहक्क कायद्याला तीन पिढ्यांचा पुरावा हवा. कागद कुठून आणायचा? म्हाताऱ्यांनी सांगितलेलं, तोच पुरावा. अकरा म्हाताऱ्यांचे जबाब देवरावांनी सहा वर्षं बसून घेतले. ते गेल्यापासून मी पुरे करते आहे. ते छापायचे, तलावाच्या पाळीवर सभेत वाचायचे, बोलणाऱ्यानं "हो, माहंच बोलनं हाय" म्हणायचं, मग अंगठा. वाचल्याशिवाय अंगठा नाही, हा त्या गावाचा नियम.

आणि माझ्याकडे पानं जुळवणारं यंत्रच नाही.

३० जुलै, बुधवार

आदेशला फोन. गच्चीवर टाकीमागे रेंज येते. छत्री धरून भांडले.

"आत्या, पाच जीबी होते. हजारो बारीक बारीक फाइली. वर्षानुवर्षं कोणी उघडल्या नव्हत्या. कचराच होता."

म्हटलं, नऊ दिवस लागले होते बांधायला.

"कोणाला?" — मग त्याच्या लक्षात आलं.

म्हणतो, वर्डमध्ये कर ना. याला काय सांगू! डाव्या बाजूला म्हातारा बोलला तसं, उजवीकडे सरळ मराठी, दोन्ही एकमेकांसमोर, प्रत्येक ओळीला आकडा. समोरचा वकील विचारेल, "आजोबा असं कुठे म्हणाले?" तर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे: जबाब चार, ओळ दोनशे सोळा. तीनशे बारा पानं. एक शब्द वाढला तर सगळे आकडे आपोआप सरकतात. हे सगळं देवरावांनी टेकमध्ये लिहून ठेवलेलं. मजकुराच्या फाइली आहेत. त्या वाचणारं नाही.

"नवा लॅपटॉप पाठवतो," म्हणाला.

म्हटलं, पाठव. त्यात तुझं डोकंही घालून पाठव, इथे साफ करून देते.

फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. पण फार नाही.

३१ जुलै

तीस वर्षं "अहो" म्हणून झालं. आता वहीत नाव घेते. देवराव, एक प्रत बाहेर काढून ठेवायला काय झालं होतं? लोकांना सांगत फिरायचात, "महत्त्वाचं दोन ठिकाणी ठेवा." स्वतःचं एकाच ठिकाणी. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. एक पाकीट कपाटात, दुसरं आणायचं राहिलं.

२ ऑगस्ट, शनिवार

चंद्रपूरहून नानाजींनी एसटीच्या कंडक्टरकडे पेनड्राइव्ह दिला. नानाजी म्हणजे देवरावांचे कॉलेजातले मित्र, कॉम्प्युटरची खोली सांभाळायचे. दोन तास धानोऱ्याच्या स्टँडवर उभी. कंडक्टर म्हणाला, "बाई, यवढ्याशा डबीसाठी तुमी यवढ्या पावसात?"

त्यातलं तयार बांधलेलं टेक टाकून पाहिलं. उघडतच नाही. आमचं मशीन फार जुनं, आतला पाया जुना. नवी सिस्टिम टाकावी तर आमचा मोठा प्रिंटर तिच्यावर चालत नाही. म्हणजे वाट एकच: सोर्स, म्हणजे मूळ कोड, घ्यायचा, आणि याच मशीनवर, याच्या मापानं, पहिल्यापासून बांधायचं. त्यांनी तेच केलं होतं.

मी बीजगणित शिकवलं आहे तेहतीस वर्षं. हेही करीन.

३ ऑगस्ट, रविवार

दोन तास दहा मिनिटं ओळी धावल्या. मग थांबल्या. या वर्षीच्या सोर्सला नवा कंपायलर, म्हणजे सोर्स मशीनच्या भाषेत उतरवणारा, लागतो. माझ्या जुन्याला त्याची भाषाच समजत नाही. समजत नाही ते समजत नाही, पण हे सांगायला दोन तास? आधी सांगितलं असतं तर अंघोळ तरी केली असती.

नानाजींना निरोप: जुनी डीव्हीडी असेल तर पाठवा. दोन वर्षांपूर्वीचीही चालेल.

५ ऑगस्ट

काही केलं नाही. भांडी आपटली.

७ ऑगस्ट, गुरुवार

रंजीता आली. कोसमटोल्याच्या समितीची सचिव, चोवीस वर्षांची, ओली चिंब. मरळ आणली होती पानात बांधून, अजून हलत होती.

"झालं का जी बाई?"

नाही झालं.

"बाबानं इचाराले सांगतलं." बाबा म्हणजे झिंगूबाबा, तिच्या आजोबांचे भाऊ. अठ्ठ्याऐंशीचे. त्यांच्या आजोबानं ज्या ठिकाणी पहिलं जाळं टाकलं ती जागा ते काठीनं दाखवू शकतात. त्यांच्याइतकं मागचं कोणाला आठवत नाही. त्यांचा जबाब नसेल तर बाकी दहा जबाबांना पायच नाही. "बाबाले आयकू कमी येऊन राह्यलं, बाई. जोरानं बोला लागते."

म्हणजे मी उशीर करते आहे, असंच ना?

मरळ केली. चांगली होती. तरी राग गेला नाही.

१० ऑगस्ट, रविवार

नाला दोन दिवस पुलावरून वाहत होता. आज गाडी आली, डीव्हीडी आली. नानाजींची चिठ्ठी: "२०२३ ची आहे. तुमच्या कंपायलरला चालेल. देवराव असता तर हसला असता." कशाला हसला असता? मला नाही हसू येत.

शाळेत सिस्टर बर्नाडेट म्हणायच्या, राग आला की कागदावर लिहा आणि फाडा. आम्ही मुली खिडकीत बसून लिहायचो आणि तुकडे जास्वंदीच्या आळ्यात पुरायचो. सिस्टर लाल पेन्सिलीनं समास आखून द्यायच्या, अगदी रागाच्या कागदालासुद्धा. "रागसुद्धा नीट अक्षरात लिहावा." लग्न झाल्यावर देवरावांना हे सांगितलं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मला टेकमध्ये एक पान करून दिलं. चारी बाजूंना सुंदर समास, मधे फक्त "राग". ते पान आता सापडत नाही.

मी कधीच फाडलं नाही लिहिलेलं. बघ किती वह्या झाल्या.

११ ऑगस्ट, सोमवार

सुरू केलं. एक वाजता वीज गेली, चारला आली. पुन्हा सुरू केलं, तर पुढे जाईना. तीच तीच पायरी पुन्हा पुन्हा. सगळ्या फाइली "भविष्यातल्या" आहेत म्हणे.

१३ ऑगस्ट, बुधवार

सापडलं. मशीनच्या आतली घड्याळाची बॅटरी मेली आहे. वीज गेली की मशीन परत १ जानेवारी २००९ ला जातं. मग त्याला २०२३ च्या फाइली दिसतात, आणि ते बिचारं चक्रावतं. अजून न आलेल्या वर्षाच्या फाइली कशा? म्हणून जे झालंय ते पुन्हा करायला घेतं. पुन्हा. पुन्हा.

२००९ ला हे मशीन आलं. दोघं ट्रॅक्टरमधून आणताना मांडीवर धरून बसलो होतो.

तारीख हातानं घातली. चालू झालं. साडेतीनला वीज गेली.

रंजीता पाच वाजता. "झालं का जी बाई?" चपला हातात, साडी गुडघ्यापर्यंत ओली. नाल्यातून आली. नऊ किलोमीटर, एवढं विचारायला. नाही म्हटलं की पायरीवर बसली, चहा प्याली, "हे काय लिवून येऊन राह्यलं?" करत पडद्याकडे बघत राहिली, आणि गेली. जाताना म्हणते, "उद्या येतो."

मी काय कर्ज घेतलं आहे तुमचं?

१६ ऑगस्ट, शनिवार

आज बोलले तिला. नको होतं बोलायला.

काल आणि परवाही आलीच होती. आज शेंगा आणल्या उकडून. मी मशीन उघडून बसलेले, चष्म्यावर घाम, स्क्रू पलंगाखाली गेलेला. तिनं दारातूनच विचारलं, "झालं का जी —"

"रोज रोज काय हाकायला येतेस गं मला? मी बैल आहे का? झालं की कळवीन. नाही झालं तर नाही झालं. हातानं लिहा मग, जा!"

ती हसली नाही, रडली नाही. वाकून स्क्रू काढून दिला. "ह्यो पायजे व्हता न?"

मग बसली. चहा मागून घेतला!

या मुलीला राग कसा येत नाही? मला तर तिच्या राग न येण्याचाही राग आला.

१८ ऑगस्ट, सोमवार

घड्याळवाल्याकडे तसलीच चपटी बॅटरी मिळाली. म्हणाला, "वजनकाट्यात टाकाची काय?" म्हटलं, नाही, नवऱ्याच्या मशीनमध्ये. त्याला काय वाटलं असेल ते वाटो.

बसवली. पलीकडच्या भागीरथाबाईंच्या दुकानातून इन्व्हर्टरची तार घेतली. त्यांचा फ्रीज दिवसभर बंद राहिला. "राहू द्या जी, दूधच हाय, दही करीन."

आज रंजीता आली. शेजारी बसून ओळी धावताना बघितल्या. मधेच म्हणाली, "नाल्यावानी वाह्यते." मी होय म्हटलं. चांगलं म्हणाली पोरगी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

झालं.

दुपारी तीन वाजून अठरा मिनिटं. शेवटची ओळ आली आणि पुढे काहीच आलं नाही. पहिल्यांदा वाटलं, वीज गेली. नव्हती गेली. पंखा चालू होता.

एका ओळीची फाइल केली. तिची पीडीएफ आली. मग जबाब चार टाकला. डाव्या बाजूला झिंगूबाबा, उजव्या बाजूला मराठी, मधे आकडे. ओळ २१६: "माह्या आजानं जाळं टाकलं तई पाळीवर मोहाचं झाड येकच व्हतं." तीच जागा, तोच समास, त्यांनी ठरवलेला.

वीस दिवस शिव्या दिल्या तुम्हाला, देवराव. त्यातल्या निम्म्या मागे घेते.

२१ ऑगस्ट, गुरुवार

तीनशे बारा पानं छापली. दोन वेळा कागद अडकला, एकदा मी अडकले, पदर रोलरमध्ये. दोऱ्यानं शिवलं. आता फक्त उद्या नाला ओलांडायचा, पाळीवर वाचायचं, अंगठे घ्यायचे. तीन दिवस हातात आहेत. बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाचता यायला हवं. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या.

आदेशलाही फोन केला. "झालं," म्हटलं. तो रडवेला झाला. वेडा. म्हटलं, ये गणपतीला. कशाला हात लावू नकोस फक्त.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

पाळीवर झिंगूबाबांच्या मांडीवर पुस्तक ठेवलं. त्यांनी दोन्ही तळव्यांनी ते चाचपलं, जाडी मोजली. म्हणाले, "कागद तं अकरा तारखेलेच झाले, बाई. नाल्याचा काय भरोसा? चौघी पोरीनं हातानं लिवले, वाचले, आमी अंगठे देल्ले. बाराले हापिसात देऊन आले."

मी रंजीताकडे पाहिलं. ती तळ्याकडे पाहत होती. जोरानंच विचारलं, मग तेरापासून रोज येऊन मला विचारत काय होतीस?

बाबाच बोलले. "मी धाडो तिले. मानूस गेलेलं घर. येकट्या बाईले रोज कोनी तं इचाराले पायजे."

"मग सांगितलं का नाही मला?"

"सांगतलं असतं तं तुमी मशीन बंद केली असती." त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "आता आनलंच हाय तं वाचा. पयल्यापासून. जोरानं."

संध्याकाळपर्यंत वाचलं.